पुढचा बैल

माझे बैल त्याचं ऐकायचे, हे माझं पहिलं दुखणं.

पवळ्या अन् मोऱ्या दोन्ही मी हातानं वाढवलेले. सरकी मी चारली, पोळ्याला शिंगं मी रंगवली. पण पुसेगावच्या शिवारात मोहनसिंग समोरून आला अन् त्यानं जिभेनं नुसतं टक् केलं, की दोघं कान टवकारून तिकडं वळायचे. मी कासरा ओढून हात सोलून घेऊन राहिलो अन् हे बेइमान त्याच्याकडं तोंड करून उभे. तो हसायचा. म्हणायचा, संतराम, मुकं जनावर हाय, त्याला काय कळतं. हे बोलणं तर आणखीनच झोंबायचं.

दुसरं दुखणं माझा बाप, व्यंकटराव. विहीर कुठं खणावी, तर मोहनसिंगाला इचार. पाऊस उघडणार का, मोहनसिंगाला इचार. त्याला जमीन किती, तर तांड्याजवळची तीन एकर मुरमाड. आमची बत्तीस एकर काळी. तरी आमच्या ओट्यावर बापाच्या शेजारी बसायचा तो, अन् मी उभा. बाप गेला त्याच्या आदल्या दिशी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही शेवटचं सांगतो. तर म्हणला, मोहनसिंगाला सोडू नको. मेल्यावर कोणावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरला.

तिसरं दुखणं नर्मदा, माझी बायको. तिला काय म्हणावं. तांड्यावरून मोहनसिंगाची बायको मोतीबाई करवंदं घेऊन आली, की दोघींचं गूळपाणी दुपारभर चालायचं, अन् मग भाकरी वाढताना मला ऐकावं लागायचं, की मोहनसिंग मोतीबाईला न सांगता कुठं जात न्हाई म्हणं. मी म्हणायचो, जाऊन त्याच्या तांड्यावर राह्य मग. ती तव्यावरची भाकरी उलटवायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता माणूस कसा होता ते सांगतो, न्हाई तर म्हणाल नुसताच जळतो. माझ्याच वयाचा. उंच, हाडकुळा, पाय अनवाणी, डोईला लाल पागोटं. आवाज कधी चढला न्हाई. त्याचे बापजादे लदेणीवाले. म्हणजे शे-दोनशे बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या, मीठ, धान्य, काय असंल ते, अन् मुलखामुलखानं हिंडायचं. पक्क्या सडका झाल्या, आगगाडी आली, अन् त्यांची लदेणी बसली. मग तांडा जिथं थांबला तिथंच राह्यला. पण वाटा त्याच्या डोक्यात होत्या. कुठल्या खोऱ्यात चैतात पाणी राहतं, पैनगंगेला उतार कुठं, हे त्याला त्याच्या आज्यानं बोट धरून दाखवलेलं. मला माझ्या आज्यानं बांध दाखवले. बांध संपले की माझं ज्ञान संपायचं.

अडतीस सालच्या फागुनात हैदराबादहून एक साहेब आला. खाणी बघायच्या खात्याचा. त्याची मोटार पुसेगावात शिरली तर अर्धं गाव मागं पळालं. साहेबाच्या कागदात लिहिलेलं होतं, की पुसेगाव अन् कनेरगाव नाका ह्यांच्या मधल्या डोंगरात जुन्या गारगोटीच्या खाणी हायेत. लाल, पिवळी, पट्ट्यापट्ट्याची गारगोटी. साहेब तिला अकीक म्हणायचा. मागल्या काळी तिथून ती निघायची अन् बैलावर लादून जायची. आता तिथं मोटार जात न्हाई, सबब गाडी पायजे. तीन दिवसांचा रस्ता. मोटार सडकेनं फिरून कनेरगाव नाक्यावर उभी राहणार.

गावात दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, एकट्या माझी. तेव्हा गाडी माझी, बैल माझे. मी नवं धोतर नेसून उभा राह्यलो. साहेबानं इचारलं, रस्ता कोणाला मालूम हाय. अन् सगळं गाव एका तोंडानं म्हणलं, मोहनसिंग.

निघायच्या आधी साहेब चावडीसमोर बोलला, अन् त्याच बोलण्यानं माझा घात झाला. म्हणला, जो आदमी खाण दाखवील त्याच्या नावानं मी चिठ्ठी लिहून देईन. पुढं दर साली खात्याची माणसं येतील, तवा वाटाड्या म्हणून पुढं चालायचा मान त्याचा. मी मोहनसिंगाकडं बघितलं. तो पवळ्याच्या मानेवरची गोचीड काढून राहिला होता. त्यानं ऐकलं का न्हाई कोणास ठाव. मी ऐकलं. त्या चिठ्ठीवर माझं नाव पायजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. एकदा तरी गावानं म्हणावं, संतरामाला इचार.

पहिला दिवस चांगला गेला असं साहेब म्हणला. मोहनसिंग पुढं पायी, मागं दमणीत साहेब अन् त्याचा शिपाई, अन् कासरा धरून मी. दिसभर माझ्या डोळ्यासमोर त्याची पाठ. पळस फुलला होता, सारा डोंगर लाल. साहेब घडोघडी गाडी थांबवायचा, दगड फोडून बघायचा, वही काढून लिहायचा. एका ठिकाणी मोहाची फुलं पडलेली, त्यांचा वास भरून राहिलेला. साहेबानं फुलं वेचून तोंडात टाकली अन् लेकरासारखा हसला. मोहनसिंगानं त्याला एका खडकाच्या कपारीत पाणी दाखवलं. बोटभर धार, पण गार. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणला, शाबास. ती थाप मी मोजली. सांजपर्यंत पाच थापा झाल्या. मला एक न्हाई. माझे बैल चढ चढून तोंडाला फेस आणून राहिले, त्याचं कोणाला काहीच न्हाई.

दुसऱ्या दिशी दुपारी आमी एका उंच पठारावर आलो. तिथं वाटेच्या कडंला दगडांची रास होती, छातीएवढी. मोहनसिंग थांबला. खालचा एक दगड उचलला, राशीवर ठेवला, हात जोडले अन् पुढं निघाला. साहेबाला वाटलं काही देवाचं असंल. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या शेतकऱ्यांत रीतच हाय. पडीक विहीर असो, भुयार असो, जनावर पडून मरंल असा खड्डा असो, तर वर लाकडं टाकायची अन् दगडांची रास घालून बुजवायचं. मी स्वतः दोन विहिरी अशा बुजवल्या. तेव्हा मला दिसलं ते हे, की खाण हितंच हाय. ह्या राशीखाली तिचं तोंड हाय. लदेणीवाल्यांनी ती झाकून ठेवली, अन् येता-जाता दगड घालून घालून आणखी झाकतात, म्हणजे गारगोटी तांड्याच्याच हाती राहावी. अन् हा माझ्या बापाच्या ओट्यावर बसून भोळा चेहरा करायचा. किती आनंद झाला मला, सांगता येत न्हाई. माणूस लबाड निघाला ह्याचा आनंद.

मोहनसिंग म्हणला, पुढं उतरणीवर गाडी जाईल का ते बघून येतो, पाणी भी आणतो, तुमी हितं सावलीला बसा. घागर घेऊन गेला. तो दिसेनासा झाला अन् मी साहेबाजवळ जाऊन बसलो. सांगितलं, की खरी खाण हिच्याखाली हाय, अन् तुमचा वाटाड्या तुमाला उद्यावर ढकलून राहिला. साहेबाचे डोळे बारीक झाले. त्यानं इचारलं, पक्कं. मी म्हणलं, पक्कं. शिपायाला पहार दिली, मी कासोटा घातला, अन् दोघं भिडलो.

दगड काय निघता निघंनात. वरचे लहान, खालचे मोठे, शिळाच त्या. हात फुटले पण मी थांबलो न्हाई. तीन-चार घटकांनी खालची माती लागली. शिपायानं पहार घातली, तर खट्ट आवाज न होता काही मऊसर मोडलं. हाड होतं. मग आणखी हाडं. मग एक मोठं शिंग, टोकाला पितळंची शेंबी बसवलेली. अन् त्याच्या खाली हिरवी पडलेली पितळंची घंटा, माझ्या दोन मुठींएवढी.

साहेब उभा राह्यला. म्हणला, "ये तो कबर है. तुमको किसने बोला था?"

तेवढ्यात मोहनसिंग घागर घेऊन आला. त्यानं ती खाली ठेवली, पाणी सांडू दिलं न्हाई, हे माझ्या ध्यानात हाय. मग येऊन बसला. शिंगावरची माती अंगठ्यानं पुसली. घंटा उचलली, उलटी करून आतली माती झटकली. अन् साहेबालाच सांगितलं, माझ्याकडं न बघता.

हा त्याच्या आज्याचा गराशा होता. तांड्याच्या पुढं चालणारा बैल. त्याच्या पाठीवर कधी ओझं घालत न्हाईत. त्याच्या शिंगाला शेंब्या, गळ्यात घंटा, अन् बाकीचे दोनशे त्या घंटेच्या आवाजामागं चालतात. शेवटच्या लदेणीला परत येताना हा हितं बसला अन् उठलाच न्हाई. आज्यानं त्याला हितंच ठेवला अन् सांगितलं, जो हितून जाईल त्यानं एक दगड घालायचा. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून, अन् पुढं वाट इसरली तरी गराशा दिसावा म्हणून.

साहेबाचा राग माझ्यावर फिरला. आधा दिन बरबाद, म्हणला. हिंगोलीच्या तहसीलीत लिहून कळवतो म्हणला, की ह्या माणसाला सरकारच्या कुठल्याही कामावर पुन्हा घेऊ नये. मी मान खाली घालून उभा. पवळ्यानं तेवढ्यात हंबरडा फोडला, तो भी मोहनसिंगाकडं बघून.

मोहनसिंग मला एवढंच बोलला, "दगड परत घाल. अन् पुढच्या वेळी काही वाटलं तर मला इचार, संतराम."

शिवी दिली असती तर मी फिरून दिली असती. पहार उगारली असती तर मी भी उगारली असती. पण त्यानं काहीच ठेवलं न्हाई माझ्या हातात. म्या सांजपर्यंत एकट्यानं दगड रचले. मला तांड्याची रास घालता येत न्हाई, मला बांध घालता येतो. म्हणून खाली रुंद शिळा, वर सांधे मोडत आडव्या, अन् मधी चिपा ठोकून, जसा शेताचा बांध घालतात तसाच घातला. मोहनसिंग लांब बसून घंटा राखेनं घासून राहिला होता. घंटा त्यानं परत पुरली न्हाई. म्हणला, उघड्यावर आली ती आली, आता तिला घरी नेतो.

तिसऱ्या दिशी सकाळीच खाण सापडली. राशीपासून डावीकडं उतरलं की करवंदीची दाट जाळी होती. तिच्यामागं डोंगराच्या पोटात सात-आठ भोकं, माणूस वाकून जाईल एवढी. खाली गारगोटीच्या चिपांचा सडा, लाल-पिवळ्या, ओल्या असल्यासारख्या चकाकणाऱ्या. मागं दगड फोडत राह्यलेला साहेब हाक ऐकून आला, रांगत आत गेला, मिणमिणता दिवा घेऊन, अन् तासाभरानं धुळीनं माखून बाहेर आला. खूश होता. म्हणला, माल हलका हाय, काढण्याजोगा न्हाई, पण जुनी खाण ही खरी. वही काढली. इचारलं, जाळीमागं हाय हे कोणी दाखवलं, नाव बोलो.

मी दमणीजवळ बैलांना पेंढा टाकून राहिलो होतो. मोहनसिंग म्हणला, "संतरामनं. जाळीमागं बघा, असं त्यानंच सांगितलं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी न्हाई म्हणायला पायजे होतं. मी पेंढाच टाकत राह्यलो. साहेबानं चिठ्ठी लिहिली, त्यावर माझं नाव, मुक्काम पुसेगाव. खाली शिक्का. तहसीलीचं बोलणं तिथंच मिटलं. कनेरगाव नाक्यावर मोटार उभी होती. साहेब तिच्यात बसून गेला, अन् आमी दोघं रिकामी दमणी घेऊन सडकेनं परत निघालो. वाटेत मी म्हणलं, काहून खोटं बोललास. तो म्हणला, तुला पायजे होतं, मला नको होतं. एवढं सोपं होतं त्याला. मला ती चिठ्ठी अंगरख्याच्या खिशात टोचून राहिली.

घरी नर्मदानं चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत ठेवली. कोणी आलं-गेलं की काढून दाखवायची. पुढं लढाई लागली, खात्याचं एक माणूस भी पुन्हा आलं न्हाई. दहा साल चिठ्ठी पेटीत, अन् गाव तसंच्या तसं, मोहनसिंगाला इचार. मी त्या वाटेनं दोनदा-तीनदा गेलो नांगराचं लाकूड आणायला. दर वेळी दगड घातला. कोणी बघत नसताना.

मग हे औंदाचं साल. गडबडीचं, लुटालुटीचं अन् जाळपोळीचं. श्रावणात सडकेनं जायची कोणाची छाती होईना. गावोगावची माणसं पैनगंगेपल्याड वऱ्हाडात जाऊन राहिली. आमच्या गावातून अन् तांड्यावरून मिळून अकरा गाड्या निघायचं ठरलं. कोणत्या वाटेनं, हे इचारायचं कारणच नव्हतं. लदेणीच्या. अन् कोणाच्या मागं, हे भी.

पण मोहनसिंगाला हिवताप भरला होता. चार दिवस अंथरुणात. त्याला घोंगडीसकट उचलून माझ्या गाडीत घातला, कारण माझी पुढं होती. लोकांना वाटलं, पडल्या पडल्या वाट सांगंल. पहाट फुटल्यावर निघालो तवा मोतीबाई आली. तिच्या हातात ती घंटा. पवळ्या-मोऱ्या केव्हाच गेले, आता माझ्याकडं सोन्या होता. तिनं सोन्याच्या गळ्यात घंटा बांधली अन् म्हणली, "ह्यांनी ताप चढायच्या आधी सांगून ठेवलं, भाऊ. पुढं तुमचा बैल."

रात वाटेत काढली. दुसऱ्या दिशी डोंगरावर धुकं होतं. पाच पावलांपुढं काही दिसंना. मागं दहा गाड्या, त्यांत बाया-लेकरं, अन् सगळ्यांचे बैल माझ्या घंटेच्या आवाजावर. पठारावर आलो तर तीन वाटा फुटलेल्या, तिन्ही पाण्यानं वाहून सारख्याच दिसून राहिल्या. एक वाट कड्यावर जाते, हे मला ठाव होतं. कोणती, ते धुक्यात कळंना. मी उतरून गाडीमागं गेलो. मोहनसिंगाला हलवलं. अंग तव्यासारखं. तो तांड्याच्या बोलीत कोणाशी तरी बोलून राहिला होता, बैलांना हाकून राहिला होता म्हणा. मला ओळखलंच न्हाई. मोतीबाईनं माझ्याकडं बघितलं, अन् तिला कळलं, की वाट सांगणारं आता कोणी न्हाई.

सारा जल्म म्या त्या माणसाची पाठ समोर बघितली अन् जळलो. त्या दिशी पुढं कोणाचीच पाठ नव्हती. मी कासरा हातात धरून पायी चाललो, एक एक पाऊल, हात पुढं करून. अन् हाताला दगड लागला. मग दुसरा. खाली रुंद शिळा, वर सांधे मोडून आडव्या, मधी चिपा. ह्या डोंगरात असा बांध एकानंच घातलेला. मी त्या राशीला दोन्ही हातांनी चाचपलं अन् लेकरासारखा रडलो, खोटं काहून सांगू. एक दगड घातला. मग डावीकडं वळलो, करवंदीच्या जाळीवरून, खाणीच्या भोकांवरून, सरळ खाली पैनगंगेच्या उताराला. चार दिसांची उघडीप होती, पाणी मांडीएवढं. दुपारपर्यंत अकराच्या अकरा गाड्या पल्याड.

पल्याड गेल्यावर माणसं गाड्यांतून उतरली अन् माझ्या गाडीभोवती गोळा झाली. मी घाम पुसला. पण कोणी माझ्याकडं बघितलं न्हाई. सगळे मोहनसिंगाच्या पायाला हात लावून राहिले. म्हणायचे, तापात पडल्या पडल्या आणलं बघा ह्यानं. पाटलाच्या आईनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. नर्मदा भी त्यांच्यातच. तिनं मला इचारलं, काय म्हणला ओ तो, धुक्यात कसं काय सांगितलं त्यानं.

मोतीबाई चाकाला टेकून उभी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात मी म्हणलं, "डावीकडं वळ म्हणला. त्यानंच आणलं."

बोलताना पोटात दुखलंच. दहा साल दुखलं होतं तिथंच दुखलं. पण बोललो.

मोहनसिंग मेला-बिला न्हाई. आठव्या दिशी उठून बसला अन् भाकरी मागितली. गडबड मिटली अन् दसऱ्याला आमी परत पुसेगावात आलो. आता बाजारच्या दिशी माणसं त्याला घेरून बसतात अन् धुक्याची गोष्ट सांगायला लावतात, अन् तो सांगतो. मी बाजूला बसून हूं हूं करून राहतो. परवा सांगता सांगता तो अडला. माझ्याकडं वळून इचारलं, "संतराम, राशीपासून डावीकडं वळलो का उजवीकडं रे आपण?"

"डावीकडं," मी म्हणलं. "तूच म्हणलास."

त्यानं पुढची गोष्ट तिथंच सोडली. मग उठला, सोन्याजवळ गेला, त्याच्या गळ्यातली घंटा जरा तिरकी झाली होती ती सरळ केली, अन् परत येऊन बसला. बसताना माझ्या पाठीवर एक थाप मारली. ती भी मी मोजली.